दर्वीमुखांच्या बेटावर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने काढली त्याने अमेरिकेतले पेन्शनर पाहिले नसावेत. तिकडे साठी उलटली, मुले मार्गाला लागली, की कित्येक जोडपी राहत्या घराला कुलूप लावतात, एक भलीथोरली मोटारगाडी घेतात आणि तिच्यातच संसार थाटतात. या गाडीला ते आर. व्ही. म्हणतात; मी आपली तिला 'मोटारघर' म्हणते. आत चूल असते, फ्रीज असतो, निजायला पलंग असतात, न्हाणीघर असते. उत्तरेकडे थंडी पडू लागली की ही बिऱ्हाडे रांगेने फ्लॉरिडात उतरतात आणि ऊन तापू लागले की माघारी फिरतात. लोक त्यांना चेष्टेने हिमपक्षी म्हणतात. नाव मोठे बेतशीर आहे. जवळजवळ त्याच महिन्यांत त्याच दिशेने खरे पक्षीही येत-जात असतात.

आमची लेक अटलांटाला असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही तिच्याकडे असताना जावईबापूंनी असे एक मोटारघर दहा दिवसांकरिता भाड्याने घेतले. मला या घराची अपूर्वाई होती. चार पावलांत स्वयंपाकघर, माजघर आणि दिवाणखाना! वळणावर फोडणीचे पळे खुंटीवर डोलत आणि डबे कपाटात एकमेकांशी बोलत. एकच गोष्ट मला पचली नाही. या घराच्या पोटाखाली सांडपाण्याच्या टाक्या असतात आणि संडासाच्या टाकीला तिकडे चक्क 'काळे पाणी' म्हणतात. मुक्कामाच्या ठिकाणी जावईबापू हातमोजे चढवून गंभीर चेहऱ्याने काळे पाणी सोडायला निघाले की मला हसू आवरत नसे. आमच्या पिढीला काळे पाणी म्हटले की अंदमान आठवणार.

पण हा सारा खटाटोप होता तो यांच्याकरिता. आमच्या यांना पक्ष्यांचे वेड. नाशकात बँकेतली नोकरी सांभाळून रविवार उजाडला की हे निफाडची एस. टी. पकडून नांदूरमध्यमेश्वरला जात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा तो बंधारा म्हणजे यांचे पंढरपूर. मी कधीमधी सोबत जाई, ती थर्मास घेऊन बाभळीच्या सावलीत विणकाम करीत बसायला. ज्याची त्याची आवड! १९७९ सालापासून यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत पाहिलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवली होती. तारीख, ठिकाण, संख्या, सारे काही बँकेच्या खातेवहीसारखे चोख.

दोन वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांत दोष निघाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हा दोष डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, त्या पडद्याच्या अगदी मधोमध असलेल्या मॅक्युला नावाच्या जागेचा. वयोमानाने ती जागा झिजते. माणूस आंधळा होत नाही. कडेचे दिसत राहते, पण ज्याच्याकडे रोखून पाहावे नेमके तेच धुकट डागाआड जाते. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. वाचन गेले. मग एके दिवशी यांनी दुर्बीण शेजारच्या मुलाला देऊन टाकली. वही कपाटात गेली आणि पक्ष्यांचा विषय घरातून बंद झाला. आम्ही कुणी तो काढीत नव्हतो.

लेकीने मात्र तो काढलाच. फ्लॉरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ सॅनिबेल नावाचे बेट आहे. तिथे पक्ष्यांचे मोठे रक्षित रान आहे. "बाबा, आपण तिथे जायचं," ती म्हणाली. हे म्हणाले, "तुम्ही जा. मी काय बघणार तिथं? मी गाडीत बसेन, रेडिओ ऐकेन." लेक यांच्यासारखीच हट्टी. ती काही बोलली नाही, आणि मोटारघर दक्षिणेकडे धावत राहिले.

फोर्ट मायर्सला मोटारघर तळावर ठेवले आणि एका दिवसापुरती लहान मोटार घेतली, कारण एवढे धूड घेऊन बेटावर उभे राहायला जागा मिळत नाही. निघायची वेळ ओहोटीवर ठरवायची होती. पाणी ओसरले की चिखल उघडा पडतो आणि पक्षी जेवायला उतरतात. यांचे आजोळ वेंगुर्ल्याचे. तिथला हिशेब यांना पाठ : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. गाडीत रेडिओ ऐकत बसणार असलेल्या या गृहस्थांनी आदल्या रात्री आपणहून तिथी विचारली, बोटांवर हिशेब केला आणि वेळ सांगितली. ती सपशेल चुकीची निघाली! मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीची तऱ्हा निराळी. कधी दिवसातून दोन भरत्या, कधी एकच. जावयांनी फोनवर छापील वेळापत्रक काढले. यांना ते पटले नाही, पण ऐकून घेतले.

बेटावर जायला समुद्रातून रस्ता आहे. तीन पूल आणि मध्ये भर घालून केलेली दोन चिमुकली बेटे. १९६३ सालापर्यंत नावेतूनच जावे लागे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी 'इयन' नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि हा रस्ता ठिकठिकाणी तुटून समुद्रात गेला. काही दिवस बेट पुन्हा खरेखुरे बेट झाले होते. आम्ही गेलो तेव्हा रस्ता वाहता होता, पण कडेला यंत्रे आणि दगडांच्या राशी अजून होत्या.

बेट जेमतेम वीस किलोमीटर लांबीचे. अशा जागी दहा-दहा मजली हॉटेलांची भिंत उभी असायची. इथे ती नाही. रस्त्यावर वाहतुकीचा लाल-हिरवा दिवासुद्धा एकही नाही. पूल झाला तशी बांधकामवाल्यांची धाड येणार हे ओळखून बेटावरच्या लोकांनी १९७४ साली मतदान करून आपली स्वतंत्र नगरपालिका स्थापन केली आणि पहिले काम केले ते वाढीला लगाम घालण्याचे. नगरपालिका वाढ व्हावी म्हणून स्थापन होते अशी माझी आजवर समजूत!

रक्षित रानाला जे नाव आहे ते एका व्यंगचित्रकाराचे. जे नॉरवूड डार्लिंग हे आयोवा राज्यातल्या वर्तमानपत्रात चित्रे काढीत आणि आडनाव आखडून 'डिंग' अशी सही करीत. दोनदा, १९२४ आणि १९४३ साली, त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर ते चित्रांतून टीका करीत आणि त्याच रूझवेल्टनी १९३४ साली त्यांना वन्य जीवांच्या सरकारी खात्याचे प्रमुख नेमले. टीकाकाराला खुर्चीवर बसवून गप्प करण्याची युक्ती जुनीच आहे, पण डार्लिंग गप्प बसले नाहीत. बदकांच्या शिकाऱ्यांना दर साली एक तिकीट विकत घ्यायला लावायचे आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखायच्या, ही योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. पहिल्या तिकिटावरचे चित्रही त्यांनीच काढले. हिवाळ्यात ते सॅनिबेलला लागून असलेल्या कॅप्टिव्हा बेटावर येत. इथली खारफुटी विकली जाणार असे दिसताच त्यांनी खटपट केली आणि १९४५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीने ती पक्ष्यांकरिता राखली गेली. १९६२ साली डार्लिंग वारले. १९६७ साली त्यांचे नाव रानाला मिळाले. आज हे रान सहा हजार चारशे एकरांच्या आसपास आहे.

रानातून साडेसहा किलोमीटरची एकेरी वाट जाते. शुक्रवारी ती बंद. पक्ष्यांना आठवड्याची रजा. ही वाट पक्षी पाहण्यासाठी बांधलेलीच नव्हे. तो डास मारण्यासाठी घातलेला बांध! १९५० साली या बेटावर एका सापळ्यात एका रात्रीत साडेतीन लाखांहून अधिक डास सापडले होते. खाजणातला डास ओल्या चिखलावर अंडी घालतो. चिखल कायम पाण्याखाली ठेवला तर अंडी घालायला जागा उरत नाही. म्हणून साठीच्या दशकात बांध घालून पाणी अडवले आणि पुढे त्याच बांधावरून माणसे पक्षी पाहू लागली. दोन्ही बाजूंना खारफुटी, मधून मधून पाण्याची तळी, आणि वर निळे धुतलेले आभाळ. पुष्कळ झाडे मात्र पांढरी, वठलेली उभी होती. वादळाचा घाव त्यांनी छातीवर घेतला होता. त्यांच्या पायथ्याशी नवी रोपे गुडघ्याएवढी वाढली होती.

हे गाडीतून उतरले ते झाडांच्या वासाने. "कांदळ आहे," नाक वर करून म्हणाले. जवळ जाऊन मुळांना हात लावला. तंबूच्या काठ्यांसारखी ती मुळे खोडातून निघून चिखलात रोवलेली असतात. आपल्या कोकणातला कांदळ आणि इथला कांदळ ही सख्खी भावंडे. बी झाडावरच रुजते, लांब शेंगेसारखे लोंबते आणि मग पाण्यात पडून तरंगत दूर जाते. पलीकडे तिवराची बहीणही होती. यांनी नातीला जवळ बोलावले. "पान तोडू नको हं. नुसती जीभ लाव." नातीने जीभ लावली आणि तोंड वाकडे केले. "आजोबा, खारट!" तिवर समुद्राचे पाणी पितो आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतो, हे त्यांनी तिला समजावून दिले. लेक आणि मी एकमेकींकडे पाहिले. दोन वर्षांत एवढे बोलणे झाले नव्हते.

पुढल्या तळ्याशी माणसे थांबली होती. मी म्हटले, "अहो, बगळे आहेत."

"बगळे दहा जातीचे असतात. चोच बघ."

"काळी."

"पाय?"

"काळे." मग तो बगळा चालू लागला आणि मला नवल वाटले. "पण पावलं पिवळी! जशी काही हळदीत बुडवलीत."

"वा!" हे म्हणाले. "आपल्या लहान बगळ्याचा इथला चुलतभाऊ. आता त्याच्या शेजारचा सांग."

असे ते सुरू झाले. आयुष्यात प्रथमच मी पक्ष्याच्या चोचीकडे नि पायांकडे इतकी निरखून पाहत होते, आणि तेही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखी. "मोठा" म्हणून भागत नसे, कशाएवढा मोठा? "वाकडी चोच" म्हटले तर वर वाकडी की खाली? एका पांढऱ्या पक्ष्याची चोच लांब, तांबूस आणि विळ्यासारखी खाली वाकलेली होती, तो आयबिस ठरला. एक काळा पक्षी वठलेल्या फांदीवर पंख पसरून बसला होता. मी म्हटले, "भिजलेली छत्री वाळत घातल्यासारखा." यांनी क्षणात सांगितले, "तिरंदाज! त्याच्या पिसांत पाणी शिरतं, म्हणून वाळवावं लागतं. पाण्यात असला की नुसती मान वर, सापासारखी." आणि हे त्या फांदीच्या बरेच डावीकडे पाहत म्हणाले, "आकार दिसतोय मला."

नातीला राहवले नाही. "आजोबा, पक्षी तिकडे आहे. तुम्ही झाडाकडे का बघताय?"

"पक्षी दिसावा म्हणून," हे म्हणाले. डॉक्टरांनी यांना तशी सवय करायला सांगितली होती. जे पाहायचे त्याच्यावरून नजर थोडी बाजूला ठेवायची, म्हणजे शाबूत राहिलेल्या कडेवर ते पडते. घरी यांनी ती सवय कधी मनावर घेतली नव्हती.

लांब वाळूच्या पट्ट्यावर पांढरे पेलिकन बसले होते, पन्नासाच्या वर. पंख पसरले की नऊ फूट भरतात. ते तपकिरी पेलिकनसारखे वरून सूर मारीत नाहीत; रांग धरून मासे उथळात हाकतात आणि झोळीत भरतात. तो पांढरा ढीग यांना अर्धामुर्धा दिसला. ऑस्प्रे मात्र दिसली नाही. ती फार उंच होती. मी वर्णन करीत राहिले आणि ते ऐकत राहिले.

मग आले ते गुलाबी.

पाण्याच्या पलीकडच्या काठाला सात पक्षी उतरले. मला शब्द सुचेनात. "अहो, गुलाबी आहेत," एवढेच म्हटले.

"फ्लेमिंगो?"

"नाही. चोच निराळी. लोणच्याच्या बरणीतली लाकडी पळी असते ना, टोकाला चपटी, तश्शी."

हे गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "दर्वीमुख." दर्वी म्हणजे पळी. नांदूरमध्यमेश्वरला जो चमचा येतो, तो पांढरा. गुलाबी दर्वीमुख फक्त अमेरिका खंडातच. सलीम अलींच्या पुस्तकात तो असणार कसा? यांनी तो चित्रातच पाहिलेला. एकोणिसाव्या शतकात याच्या पिसांचे पंखे करीत आणि बगळ्यांचे तुरे बायकांच्या टोप्यांवर लावीत. त्या हौसेपायी फ्लॉरिडातले पक्षी संपत आले होते. १९०३ साली याच राज्यात पेलिकन बेटावर अमेरिकेतले पहिले रक्षित रान झाले ते त्यामुळेच. हे सारे मला त्यांनी सांगितले, आणि मी त्यांना रंग सांगितला : अंगावर पाण्यात कालवलेल्या आळत्यासारखा, खांद्यावर कुंकवाचा गडद फराटा, पाय तांबडे आणि डोके अगदी टक्कल. "टक्कल मी समजू शकतो," हे म्हणाले.

तिथे एक आजीबाई तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावून उभ्या होत्या. रानात स्वयंसेवक म्हणून काम करीत होत्या. लेकीने त्यांच्याशी दोन शब्द केले. त्यांनी दुर्बीण त्या पक्ष्यांवर बसवली, यांचा हात धरून नळीपाशी नेला आणि आपण बाजूला झाल्या. यांनी डोळा लावला. मान जराशी वळवली, परत आणली, पुन्हा वळवली. मागे पाच-सहा माणसे रांगेत उभी राहिली. कुणी खाकरले नाही की घड्याळ पाहिले नाही. मला वाटले, आता हे मान हलवून बाजूला होतील आणि घरी जाईपर्यंत बोलणार नाहीत. मी यांच्या पाठीकडे पाहत उभी होते. किती वेळ गेला कोण जाणे.

"दर्वी हलतेय," हे म्हणाले. "इकडून तिकडे. ताक घुसळल्यासारखी."

खरेच, हा पक्षी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात अर्धवर्तुळे काढीत चालतो आणि मासा लागला की मिटतो. कडेची नजर हलत्या वस्तूला चटकन पकडते, असे मला डॉक्टरांनी पूर्वी सांगितले होते. पण डॉक्टर पुष्कळ काही सांगत असतात. लेक पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडायच्या निमित्ताने गाडीकडे गेली.

दुपारी बेटाच्या पूर्व टोकाला समुद्रावर आलो. इथले लोखंडी दीपगृह १८८४ सालचे. वादळात त्याचा एक पाय वाहून गेला, तरी उभे राहिले. पाच महिन्यांनी त्याचा दिवाही पुन्हा लागला. हे बेट किनाऱ्याला आडवे पसरलेले असल्यामुळे शंख-शिंपले इथे राशींनी येऊन पडतात, आणि माणसे दिवसभर कमरेत वाकून फिरत असतात. रिकामा शिंपला घ्यायला हरकत नाही. आत जीव असेल तर १९९५ पासून कायद्याने बंदी आहे.

नातीने एक वीतभर शंख आणून आजोबांच्या हातात दिला. यांनी तो बोटांनी चाचपला, उलटा धरला आणि दचकून म्हणाले, "अगं, हा दक्षिणावर्ती!"

आमच्या देव्हाऱ्यात एक दक्षिणावर्ती शंख आहे. सासूबाईंनी तो फार वर्षांपूर्वी एका दुकानातून बराच पैसा मोजून घेतला आणि लक्ष्मीपूजनाला त्याचा मान पहिला. असा शंख लाखात एक, असे त्या सांगत. इथे तर किनाऱ्यावर पडला होता! जावयांनी फोनवर माहिती काढली. या आखातात 'लाइटनिंग व्हेल्क' म्हणून जात आहे, तिचे वेढे उपजतच उलटे. आणि तीच हिंदुस्थानात दक्षिणावर्ती म्हणून सर्रास खपते. खऱ्या शंखाच्या आत, तोंडाशी बोट घातले तर, दांडीवर वळ्या लागतात. हिच्या आत लागत नाहीत.

"घरी गेल्यावर बोट घालून बघायला हवं," हे म्हणाले.

"काही नको," मी म्हटले. "सासूबाईंनी पन्नास वर्षं पूजला तो."

तेवढ्यात यांच्या तळहाताला काही टोचले. शंखात एक खेकडा बिऱ्हाड करून होता. नातीने कायदा वाचून घेतलेला. तिने लगेच शंख हातातून काढला, पाण्यात नेऊन ठेवला आणि परत आली ती आम्हांला दम भरत.

दीपगृहाखाली बाकावर बसलो तेव्हा मी पिशवीच्या तळातून निळी वही काढली. नाशकाहून निघताना न विचारता घेतली होती. यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "लिही," म्हणाले. मी तारीख घातली, ठिकाण घातले, आणि पक्ष्यांची नावे विचारीत लिहीत गेले. एकोणीस झाली.

"एकोणीस नाहीत. जो आपण स्वतः पाहिला तोच धरायचा, असा नियम आहे. माझे तीन. पेलिकन, तिरंदाज आणि दर्वीमुख."

"मग बाकीचे सोळा मी काय स्वप्नात पाहिले?"

हे विचारात पडले. पंचेचाळीस वर्षांच्या वहीत असा प्रसंग आला नव्हता. शेवटी बँकेतल्या माणसाने बँकेतला तोडगा काढला. "पानाला दोन रकाने पाड," म्हणाले. "एक माझा, एक तुझा. दर्वीमुख दोन्हीकडे घाल."

मी रेघ मारली. नात म्हणाली, तिलाही एक रकाना हवा. तिने तर खेकडाही पाहिला होता. खेकडा पक्ष्यांच्या वहीत बसतो की नाही, यावर त्या दोघांचा वाद पूल ओलांडेपर्यंत चालला होता.